माडग्याळ मेंढीला कानात बिल्ला मारताना

माडग्याळ ही सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडची मेंढीची जात. ही मेंढरं बाहेर पाठवायची तर आधी कानात बारा अंकी बिल्ला हवा. हाच नंबर लसीकरणाच्या आणि आरोग्य दाखल्याच्या नोंदीशी जुळतो. एक अंक चुकला तरी जनावर अडकतं, म्हणून बिल्ला मारण्याआधी नंबर मोठ्यानं वाचून लिहून घ्या.

मेंढरू भिंतीला टेकवून एकानं डोकं घट्ट धरायचं. कान ओढायचा नाही. कान उजेडात धरला की शिरा दिसतात. दोन ठळक शिरांच्या मधली, कानाच्या मधल्या भागातली जागा निवडा. बिल्ला मारायची पक्कड आणि बिल्ल्याचं टोक पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात बुडवा. बिल्ल्याचे दोन भाग असतात: टोकाचा भाग कानामागून, भोकाचा आतून. एका दमात दाबा, अर्धवट दाबलं तर कान फाटतो.

कोकराचा कान वाढणार, तेव्हा बिल्ला कडेला थोडा मोकळा लोंबायला हवा. घट्ट बसला तर त्याखाली सूज आणि पू होतो; फार टोकाला मारला तर काटेरी झुडपात अडकून कान चिरतो.

पावसाळ्यात शक्यतो टाळा, माशा बसून जखमेत अळ्या होतात. दहा-बारा दिवस रोज कान बघा.

तापल्या लोखंडाचा डाग देऊ नका. तो भाजतो, आणि बारा अंकांची ओळख काही त्यातून मिळत नाही. चिप असलेला बिल्ला रीडरनं, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्रानं, लांबूनच वाचता येतो, त्यामुळे गाडीत चढवताना प्रत्येक मेंढीचं डोकं धरावं लागत नाही.