दात नीट घासूनही किडतायत? खाण्यापिण्यातल्या या चुका टाळा

दोन्ही वेळा ब्रश करायचे, चॉकलेट फारसं आवडत नाही, तरी दर वेळी डेंटिस्टकडे गेलं की एखादी नवीन कीड निघायचीच. शेवटी डॉक्टर म्हणाले, दिवसभर तोंडात काय काय जातं आणि किती वाजता, ते चार दिवस लिहून आणा. लिहून काढलं तर गोडधोड असं काहीच नव्हतं, पण कॉफीचा एक मोठा मग होता, दोन चमचे साखरेचा, जो मी कामाच्या टेबलावर ठेवून साडेदहापासून साडेबारापर्यंत घोट घोट प्यायचे आणि दुपारी परत तेच. डॉक्टरांनी त्या मगाभोवतीच पेनने गोल केला.

कारण असं आहे की दातांवरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, जे जंतू असतात (स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा त्यातला खूप ओळखीचा) ते साखर खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात, आणि काही मिनिटांतच तिथला पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ते जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली जातो. त्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू अ‍ॅसिड मारते, निघालेली खनिजं थोडीफार परत बसवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. हा पीएचचा चढउतार रॉबर्ट स्टीफन या संशोधकांनी 1940 च्या दशकात मोजून दाखवला, म्हणून त्या आलेखाला स्टीफन कर्व्ह म्हणतात. आता माझ्या मगाचं बघा, लाळ जरा कुठे सावरतेय तोवर पुढचा घोट, म्हणजे दोन तास दातांना उसंतच नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त किती साखर खाल्ली ते मोजणं आणि किती वेळा खाल्ली ते न मोजणं. प्रमाणालाही महत्त्व आहेच, जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, ज्यूस यांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 च्या आत आली तर अजून चांगलं. पण तीच साखर जेवणासोबत एकदा पोटात गेली आणि दिवसभर चघळत गेली यात दातांच्या दृष्टीने खूप फरक पडतो. हे स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत 1945 नंतरच्या काही वर्षांत झालेल्या प्रयोगात दिसलं, दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी मिळणाऱ्यांचे दात सगळ्यात जास्त किडले. ही माणसं बौद्धिक अपंगत्व असलेली होती, त्यांची संमती घेतलेली नव्हती, आणि ते वाचून मला फार वाईट वाटतं, म्हणून ही माहिती वाया तरी जाऊ नये असं मनापासून वाटतं.

दुसरं, "मी गोड खातच नाही" यावर विसंबणं. बिस्कीट, चिप्स, पाव, क्रॅकर हे शिजलेले स्टार्च आहेत, लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य त्यांची तोंडातच साखर करायला लागतं (पाव खूप वेळ चावला की गोड लागतो तो याचमुळे). एकदा बिस्कीट खाऊन दहा मिनिटांनी मागच्या दाढांवरून जीभ फिरवून बघा, खाचांमध्ये लगदा अजून बसलेला लागेल, आणि कीड बरेचदा त्याच खाचांमध्ये सुरू होते. मध, सुकामेवा, फळांचा रस यांनाही हेल्दी म्हणून सूट नाही. अख्खं फळ मात्र खुशाल खा.

आता आंबट. इथे लोक फसतात कारण शुगर-फ्री लिहिलंय म्हटल्यावर सेफच वाटतं. डायट कोलात साखर नसली तरी अ‍ॅसिड असतंच, लिंबाच्या रसाचा पीएच तर 2 ते 2.5 च्या आसपास असतो, आणि हे अ‍ॅसिड जंतूंची वाट न बघता इनॅमल थेट विरघळवतं. याला कीड नाही, झीज म्हणतात. दातांच्या कडा पातळ, आरपार दिसल्यासारख्या होतात, थंड प्यायलं की कळ जाते. रोज सकाळी लिंबूपाणी घोट घोट पिणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. आणि दात आंबले म्हणून लगेच ब्रश करायला जाऊ नका!! त्या वेळी इनॅमलचा वरचा थर मऊ झालेला असतो, ब्रशने तो अजून घासला जातो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने करा. अ‍ॅसिडिटीने आंबट पाणी वर आलं किंवा उलटी झाली तरी हेच.

रात्रीचं वेगळं सांगते कारण झोपेत लाळ खूप कमी सुटते. ब्रश झाल्यावर गोड कफ सिरप घेणं, एखादी गोळी चघळत झोपणं, बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं हे सगळं यात आलं. बाळाच्या बाबतीत वरचे पुढचे दात आधी जातात. औषध घ्यायचंच असेल तर आधी औषध, मग ब्रश.

पेस्ट फ्लोराइडची घ्या, मोठ्यांना 1000 ते 1500 पीपीएमची (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग फ्लोराइड), ट्यूबवर लिहिलेलं असतं. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका पण खळखळून चुळा भरू नका, नाहीतर दातावर राहायला हवं ते फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरते.

मी कॉफी सोडली नाही. जेवणानंतर दहा मिनिटांत संपवते आणि टेबलावर आता फक्त साध्या पाण्याची बाटली असते, मधेच तोंड चाळवलं तर शुगर-फ्री च्युइंगगम, त्याने लाळ सुटते.

आणि आरशात हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखा पांढरट, चमक गेलेला डाग दिसला तर दुर्लक्ष करू नका. ती कीडीची सुरुवात असू शकते आणि या टप्प्यावर ती थांबवता येते, बरेचदा मागेही फिरवता येते. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही, मग दात भरूनच घ्यावा लागतो, दुखायची वाट बघू नका कारण दुखायला लागेपर्यंत कीड बरीच आत गेलेली असते.