तुरुंगातला क्षयरोग: औषधरोध वाढू नये म्हणून

नव्या कैद्याला बराकीत पाठवण्याआधीच तपासा. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन विचारा. शक्य तिथे छातीचा एक्स-रे काढा. नुसत्या प्रश्नांवर विसंबू नका. वेगळे ठेवतील या भीतीने अनेकजण खोकला लपवतात.

थुंकीचा नमुना उघड्या हवेत घ्या, बंद खोलीत कधीच नको. पहिली चाचणी जनुकीय असावी: क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाचा रोध (म्हणजे ते जंतूंवर चालेनासे होणे), दोन्ही सुमारे 2 तासांत कळतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले तरी रोध कळत नाही.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा: 2 महिने चार औषधे, पुढे 4 महिने आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. प्रत्येक मात्रा कर्मचाऱ्यासमोर गिळवा, तोंड तपासा. गोळ्यांची देवाणघेवाण होते. गुण येत नसेल तर चालू औषधांत एकच नवे औषध कधीही जोडू नका. उरलेल्या जंतूंशी ते एकटेच झुंजते आणि त्यालाही रोध तयार होतो. आधी संवेदनशीलता चाचणी (कोणती औषधे अजून चालतात ते पाहणारी), मग नवी योजना.

उपचारातून रुग्णांची खरी गळती होते बदली आणि सुटकेच्या वेळी. तारीख कळताच उपचारपत्र, चाचणीचे निकाल आणि किमान 2 आठवड्यांच्या गोळ्या सोबत द्या. पुढच्या दवाखान्याला आधी फोन करा आणि नंतर रुग्ण पोहोचल्याची खात्री करा. न्यायालयाच्या तारखेदिवशीची मात्रा सकाळी निघण्यापूर्वीच द्या.

रुग्ण सापडला की त्याच बराकीतल्या सगळ्यांची तपासणी करा, पहारेकऱ्यांसकट. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा. थंडीत त्या कागदाने बुजवल्या जातात, म्हणून रोज बघा.