गल्ल्यात नव्हते, तर दिलेस कुठून?

बी.कॉम.चा शेवटचा पेपर झाल्यावर मी एका कर सल्लागारांकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर एंट्र्या मारायला लागलो. पहिलं काम हार्डवेअरच्या दुकानाचं, एप्रिल ते जून. चार दिवसांत संपवलं. ट्रायल, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) शिलकांची यादी, पैशापर्यंत जुळलेली, म्हणून ऐटीत सरांना दाखवली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. रोकड खातं उघडून १२ मेवर बोट ठेवलं. "अरे, गल्ल्यात पैसेच नव्हते, तर दिलेस कुठून?" रोख शिल्लक दिसत होती १८,४०० जमा.

रोख ही मालमत्ता. तिची शिल्लक नावे असते नाहीतर शून्य. जमेला जाऊच शकत नाही, कारण त्याचा अर्थ असलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले. शोधलं तेव्हा कळलं, मालकांनी १० तारखेला बँकेतून ५०,००० काढले होते. स्टेटमेंटवर 'सेल्फ' वाचून मी ते थेट त्यांच्या उचल खात्याला, म्हणजे मालकांनी स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या खात्याला, नावे टाकले. प्रत्यक्षात ते गल्ल्यात आले आणि त्यातूनच १२ला पगार, हमाली वाटली गेली. हवी होती रोख आणि बँक यांच्यातल्या व्यवहाराची काँट्रा एंट्री, टॅलीत एफ४ दाबून होते ती : रोख नावे, बँक जमा. दुरुस्त केल्यावर शिल्लक झाली ३१,६०० नावे.

आणि ट्रायल? ती आधीही जुळत होती, नंतरही. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय टॅली व्हाउचर (व्यवहाराची नोंद) घेतच नाही, मग जुळण्याचं कौतुक कसलं! हाताने खतावणी करायचे, म्हणजे नोंदी खात्यांच्या वहीत उतरवायचे, तेव्हा फरक आला की आधी त्याला ९ने भागून बघायचे. अंकांची अदलाबदल होऊन ७२०चे २७० झाले असतील तर फरक ४५०, भाग बरोबर जातो. चुकीचं खातं मात्र तेव्हाही असं सापडत नसे.

जीएसटीतही हेच. १०,००० च्या मालावर १८ टक्के लागून बिल ११,८०० चं. नवखा माणूस अख्खे ११,८०० खरेदीला नावे टाकतो. खरेदी १०,०००, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९००, एसजीएसटी (राज्याचा) ९०० असं फोडलं नाही, तर १,८०० चं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, पुस्तकात दिसतच नाही. ट्रायल तरीही खूश.

पासबुकाने मला महिनाभर छळलं. आपल्या पुस्तकात भरणा बँक खात्याला नावे, पासबुकात मात्र तोच जमा. साधी गोष्ट आहे : पासबुक हा बँकेच्या खतावणीचा उतारा, आणि बँक आपलं देणं लागते. कॉलेजात हे कुणी का सांगितलं नाही, देव जाणे.

आता मी ट्रायलची बेरीज शेवटी बघतो. आधी एकेका खात्याची शिल्लक, ती बाजू त्याला शोभते का ते. परवा पाटील नावाच्या एका गिऱ्हाइकाचं खातं, एरवी नावे असायचं ते, ६,५०० जमा निघालं. अ‍ॅडव्हान्स असेल म्हणून फोन केला, तर ते म्हणाले, मी तर अजून काहीच दिलेलं नाही. यादीत पाटील सात आहेत; चेक तिसऱ्यांचा आणि जमा पाचव्यांना.