केमो चालू असताना घरच्या नोंदी कशा ठेवायच्या, आणि त्या डॉक्टरांच्या कामी कशा आणायच्या

ओपीडीत डॉक्टर विचारतात काही त्रास? आणि आपला पेशंट म्हणतो, नाही तसं बरंय. चार रात्री झोप नाही, तोंड आलंय, जिना चढताना धाप लागते, सगळं त्या "बरंय"मधे गडप. म्हणून ज्यांच्या घरी केमो चालू आहे त्यांनी रोज दोन ओळी लिहायला लागा. हे उगाच खूळ नाहीये, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधे पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर अभ्यास झाला, एका गटाने आपला त्रास स्वतः ऑनलाइन भरायचा, वाढला की नर्सला ईमेल जायचा, दुसऱ्या गटाचं सगळं नेहमीसारखं. २०१७ ला निकाल आला, पहिल्या गटातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांच्या पुढे जगले, दुसऱ्या गटात तोच आकडा २६. नुसतं लिहून हे होत नाही हं, लिहिलेलं कोणीतरी वाचत होतं, अर्धी गंमत तिथे आहे.

लिहायचं कुठे? अ‍ॅपच्या नादी लागू नका असं माझं मत, पहिले दोन दिवस उत्साहाने भरतात आणि मग नोटिफिकेशनचा वैताग येतो. दुधाचा खाडा आणि सिलेंडर लावल्याची तारीख आपण कालनिर्णयच्या ज्या चौकोनात लिहितो तिथेच लिहा, किंवा साधी वही. केमोच्या तारखेला गोल करा आणि तिथून दिवस मोजा, कारण डॉक्टरांना सायकलचा, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतच्या फेरीचा, कितवा दिवस ते हवं असतं. बऱ्याच केमोंमधे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात.

ताप मात्र लिहून गप्प बसायची गोष्ट नाही. १००.४ किंवा वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन, आणि क्रोसिन घ्यायच्या आधी ताप मोजायचा, नाहीतर गोळीने तो झाकला जातो आणि इन्फेक्शन आतल्या आत वाढतं. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते पहिल्या केमोलाच विचारून ठेवा.

बाकी सगळं आकड्यात लिहा. "जुलाब झाले" याचा काही उपयोग नाही, "नेहमी एकदा, आज सहा वेळा" लिहिलं की डॉक्टर पटकन ठरवतात, कारण नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झालं की त्यांच्या हिशोबात त्रास वरच्या पायरीवर जातो. दुखणं ० ते १० मधे. वजन सकाळी, एकाच काट्यावर. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचं मात्र आकड्यात जमत नाही, तिथे काय करता येईना ते लिहा, म्हणजे ब्लाउजचे हूक लागत नाहीत, किंवा चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं औषध चालू असेल तर फ्रिजमधली दुधाची पिशवी उचलली तरी बोटांना करंट लागल्यासारखं होतं, तेही लिहा. यावरूनच पुढचा डोस कमी करायचा का ते ठरतं, आणि हा मुंग्यांचा त्रास केमो संपल्यावरही काही महिने वाढू शकतो, त्यामुळे नोंदी तेव्हाही चालू ठेवा.

अजून एक, गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, शेजारच्या काकूंनी दिलेली पुडी, जे जे पोटात जातंय ते सगळं लिहा. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका, काही गोष्टींनी लिव्हरचे रिपोर्ट बिघडतात आणि मग कारण शोधत बसावं लागतं.

लिहायचं शक्यतो पेशंटनेच. सूनबाई लिहीत असल्या तरी शब्द सासूबाईंचे हवेत. घड्याळातली पावलं वगैरे असतील तर चांगलंच, पण ऑक्सिमीटर लावताना बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा चुकू शकतो.

आता हे डॉक्टरांपर्यंत न्यायचं कसं. हडपसरहून धक्के खात आलात तरी आत गेल्यावर मिळणार जेमतेम पाच मिनिटं, तिथे अख्खी वही उघडू नका. आदल्या रात्री एका कागदावर सगळ्यात जास्त छळणारे तीन त्रास लिहा, कितव्या दिवशी सुरू झाले आणि किती दिवस टिकले ते पण, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तो कागद पुढे करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला म्हणजे डॉक्टरांनी बघितला असं धरून चालू नका, कोण बघतं आणि कधी ते विचारा. आणि फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकताना नाव-नंबरची वरची पट्टी झाका, आत्याच्या ग्रुपमधून तो कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही.

पुण्यात संशोधनही चालतं, आयसर पुणे ही विज्ञान संस्था आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांचं मिळून एक केंद्रच आहे, त्यामुळे कधीतरी तुमच्यापुढेही कुठल्यातरी अभ्यासाचा कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, येऊ शकतो. घाबरू नका, पण घाईत सहीही करू नका. फॉर्म मराठीत मागा. माझं नाव काढून टाकणार का, डेटा कंपनीला देणार का, असे अभ्यास तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, हे सरळ विचारा. नवीन औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा, त्या साईटवर कोणीही तपासू शकतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांप्रमाणे नाही म्हणायचा किंवा मधेच बाहेर पडायचा हक्क पेशंटला आहे, आणि त्यामुळे ट्रीटमेंटमधे फरक पडता कामा नये. सही केलीत तर फॉर्मची कॉपी मागून फायलीत लावा, बाहेर पडायचं झालं तर कोणाला फोन करायचा ते त्यावरच असतं.