घर सांभाळून इंटरॅक्टिव्ह माध्यमाचं काम: सांगली-मिरजेतून करणाऱ्यांसाठी

ई-लर्निंगचं मॉड्यूल, संग्रहालयातला टचस्क्रीन, ब्राउझरमध्ये चालणारा छोटा खेळ, बियाण्याच्या कंपनीसाठी शेतकऱ्यांचं प्रशिक्षण: ही सगळी कामं सांगलीच्या विश्रामबागेतल्या दोन खोल्यांच्या घरातून होऊ शकतात. अडतं ते दुसरीकडंच. लेख लिहिताना कुकर बंद करायला उठलात, तर परत आल्यावर अर्धं वाक्य तिथंच असतं. पण कोणत्या बटणानं कोणतं व्हेरिएबल (प्रोग्रॅमनं लक्षात ठेवलेली किंमत) बदलतं हे जोडत असताना उठलात, तर डोक्यातला नकाशा पुसला जातो आणि तो पुन्हा मांडायला वीस मिनिटं जातात. दिवसातून चार वेळा उठावं लागलं तर सव्वा तासाहून जास्त वेळ नुसता परत शिरण्यातच गेला. म्हणून या कामाची आखणी तास मोजून करू नका. काम कुठं तोडलं तर चालेल ते बघा आणि त्यावरून आखा.

आधी फांद्या मोजा

काम घेण्याआधी कागदावर निर्णयांचं झाड काढायचं. समजा हळदीच्या सौद्यावरचं प्रशिक्षण आहे. शेतकऱ्यापुढं चार निर्णय येतात: पॉलिश करायचं की नाही, माल आत्ता काढायचा की ठेवायचा, असे. प्रत्येक निर्णयाला दोन पर्याय आणि प्रत्येक पर्यायाची गोष्ट वेगळी, असं क्लायंट उत्साहानं सांगतो. हिशेब करा: १, २, ४, ८, १६, म्हणजे ३१ पडदे (स्क्रीन) आणि १६ वाटा. मीटिंगमध्ये कुणी ‘अजून एक निर्णय टाकूया’ म्हणालं की पडदे होतात ६३ आणि वाटा ३२. एक वाट तपासायला सहा मिनिटं धरली तरी १६ वाटांना ९६ मिनिटं लागतात आणि ३२ वाटांना तीन तासांहून जास्त. ही एका फेरीची किंमत झाली. सुरुवातीच्या पडद्यावर एक दुरुस्ती आली की पूर्ण फेरी पुन्हा. संध्याकाळ खाऊन टाकतो तो हा भाग, आणि अंदाजपत्रकात तो कुणी लिहीत नाही.

यावरचा उपाय म्हणजे फांदी परत खोडाला मिळवणं. प्रत्येक निर्णयानंतर दोन वेगळे परिणाम दाखवा आणि तिथून दोन्ही वाटा पुढच्या सामाईक प्रश्नावर आणा. शेतकऱ्यानं काय निवडलं ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि शेवटच्या पडद्यावर त्याच्या हिशेबानं पट्टी, रक्कम, मजकूर बदला. आता चार निर्णयांना चार प्रश्न, आठ परिणाम आणि एक शेवट, एकूण १३ पडदे. पाचवा निर्णय वाढला तर तीनच पडदे वाढतात. तपासणीही स्वस्त पडते. एकदा सगळे पहिले पर्याय घेऊन जायचं, एकदा सगळे दुसरे. दोन फेऱ्यांत प्रत्येक पडदा डोळ्याखालून जातो. शेवटाचे तीन प्रकार असतील तर व्हेरिएबलला हातानं किंमत देऊन तिन्ही थेट उघडून बघायचे. त्यासाठी फक्त तपासणीच्या प्रतीत दिसणारं एक ‘उडी मारा’ बटण पहिल्याच दिवशी करून ठेवा. अर्ध्या तासात काम होतं, आणि मुख्य म्हणजे ते मध्येच तोडता येतं.

पूर्ण उघडी, म्हणजे खोडाला परत न मिळणारी फांदी कधी घ्यावी? निर्णय दोनच असतील आणि गोष्ट खरोखर वेगळी होत असेल तेव्हाच. बाकी वेळी क्लायंटला १३ विरुद्ध ३१ हा आकडा दाखवला की तो स्वतःच खाली येतो. पैशाची भाषा सगळ्यांना कळते.

कोणतं काम कधी

तर्क जोडणं, ॲनिमेशनची वेळ बसवणं, दुसऱ्याच्या फाइलमधली चूक शोधणं यांना सलग दीड तास लागतो. तो पहाटे पाच ते साडेसहा किंवा मुलं शाळेत गेल्यावर. दुपारी घरात पाहुणे किंवा आजारी माणूस असेल तर पडद्यांची मांडणी, रंग, बटणं ही कामं घ्या. ती तीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यात होतात. आणि एक ढीग दहा-पंधरा मिनिटांच्या कामांचा कायम तयार ठेवा: सबटायटलच्या वेळा, चित्रांचं वजन कमी करणं, फाइलींची नावं, चित्रांची वर्णनं, फोनवर एक पडदा बघणं. क्लासबाहेर मुलाची वाट बघताना हाच ढीग उपयोगी पडतो. उलटं केलं, म्हणजे पहाटेच्या शांत वेळेत चित्रं बारीक करत बसलं आणि रात्री दहाला तर्क जोडायला घेतला, की चुका तिथं होतात.

उठण्याआधी तीन ओळी लिहायच्या, आणि त्या फाइलीतच, वहीत नाही: काय चालू होतं, पुढची पहिली कृती कोणती, आत्ता काय मोडलेलं आहे. ‘पडदा ७, ठेवा बटण, शिल्लक वजा होत नाही, पडदा ५ वरची अट बघ’ एवढं पुरतं. गिट (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरत असाल तर हाच मजकूर कमिटचा, म्हणजे साठवलेल्या टप्प्याचा, संदेश. अर्धवट काम वेगळ्या शाखेवर (मुख्य प्रतीला न लागणाऱ्या स्वतंत्र प्रतीत) ठेवा, म्हणजे संध्याकाळी क्लायंटनं अचानक ‘दाखवा’ म्हटलं तर मुख्य प्रत चालू स्थितीत असते.

मराठी मजकूर कुठं मोडतो

इथं थांबायला हवं, कारण रात्रीची जागरणं बहुतेक याच कारणानं होतात.

क्लायंटकडून मजकूर अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला येतो. तुमच्याकडं उघडला की नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरनं बदलता येतो, पण बदलल्यावर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द शोधून काढा. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कुऱ्हाड’ हे हमखास बिघडतात, आणि ‘दुसर्या’ असं छापून गेलं तर तक्रार येणार हे धरून चाला. शिवाय काना-मात्रा दोनदा पडलेत का ते बघा. मजकूर युनिकोडमध्येच द्या अशी अट पहिल्याच पत्रात घातली की हे पूर्ण टळतं.

ब्राउझरमध्ये देवनागरी नीट दिसते, कारण अक्षरं जोडण्याचं काम ब्राउझर करतो. खेळ बनवण्याच्या युनिटी या साधनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये मात्र जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. तिथं वेगळं प्लगइन लागतं किंवा मजकूर चित्र म्हणून घालावा लागतो. चित्र केलं की प्रत्येक दुरुस्तीला नवं चित्र. मजकूर जास्त असलेलं मराठी काम असेल तर सरळ वेब तंत्रात किंवा गोडो ४ या खेळ बनवण्याच्या दुसऱ्या साधनात करा. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट बसतात.

वेबवरही तीन सवयी सोडाव्या लागतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षरं एकेक करून उमटण्याचं ॲनिमेशन इंग्रजीत छान दिसतं, मराठीत मात्रा सुट्या पडतात. तेच ॲनिमेशन शब्दाशब्दानं करा. आणि ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबानं १.२ ठेवली तर वरची रफार आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, बटणात तर कापलेच जातात. १.५ ते १.७ ठेवा. फॉन्ट हलका करायला त्यातली ‘न वापरलेली’ अक्षरं छाटणारी काही साधनं जोडाक्षरंही छाटतात, तेव्हा छाटल्यावर ‘क्ष ज्ञ त्र श्र द्ध ष्ट्य’ असलेला एक परिच्छेद उघडून बघा.

फोनवर बघणं

स्वतःच्या चांगल्या फोनवर सगळं चालतं. तीन-चार जीबी रॅमचा जुना ॲन्ड्रॉइड घरात ठेवा आणि तपासणी त्यावरच करा. बटण निदान ४८ पिक्सेल उंच हवं, नाहीतर शेतातल्या बोटाला ते लागत नाही. मोबाइल ब्राउझरचा पत्त्याचा पट्टा खाली-वर होतो, त्यामुळं पूर्ण उंचीचा पडदा १०० व्हीएचनं (vh, वेबवरचं उंचीचं एकक) केला तर खालचं ‘पुढे’ बटण झाकलं जातं. तिथं पट्ट्याबरोबर बदलणारं डीव्हीएच (dvh) हे एकक वापरा. आवाज आपोआप सुरू होत नाही ही चूक नसून ब्राउझरचा नियम आहे. वापरणाऱ्यानं एकदा तरी स्पर्श करावा लागतो, म्हणून पहिल्या पडद्यावर ‘सुरू करा’ बटण ठेवा आणि आवाज तिथून चालू करा.

काम एखाद्या संस्थेच्या शिकवणी-प्रणालीत स्कॉर्म १.२ (अशा प्रणालींसाठी मॉड्यूलचा ठरलेला साचा) म्हणून जाणार असेल तर एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. वापरणारा कुठवर आला ते साठवायला त्यात फक्त ४०९६ अक्षरं मिळतात. मॉड्यूल लांबलं की ती संपतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी उघडतो तेव्हा परत पहिल्या पडद्यावर. एका मोठ्या मॉड्यूलऐवजी चार छोटी करा, किंवा स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत द्या. तिथं ही जागा ६४,००० अक्षरांची आहे.

आवाज

घरात आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे पंचांग बघायला लागतं. दिवाळीच्या सुमारापासून मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर टेप लावून रात्रभर कारखान्याकडं जातात. गणपतीआधी काही आठवडे संध्याकाळी ढोलाचा सराव. कार्तिकात पहाटे काकडा. म्हणून सगळं बोलणं एका बैठकीत उरका, आणि मजकुरावर क्लायंटची लेखी मान्यता आल्याशिवाय माइक काढूच नका. एक वाक्य बदललं तरी त्या दिवशीचा आवाज, खोली आणि अंतर पुन्हा जुळत नाही, मग अख्खा परिच्छेद नव्यानं करावा लागतो.

कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर, पाठीमागं गोधडी, तोंडापासून माइक १५ ते २० सेंटिमीटर आणि किंचित बाजूला. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचा राहून जातो, तेव्हा स्वतःचा मोबाइल फ्रिजमध्येच ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शेवटी काहीही न बोलता तीस सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या जागा भरायला तीच लागते, नुसतं रिकामं सोडलं तर ते कानाला खड्ड्यासारखं लागतं. मॉड्यूलमध्ये घालताना मोनो ६४ केबीपीएस पुरतं: मिनिटाला सुमारे ४८० केबी. स्टिरिओ १९२ केबीपीएस ठेवलं तर तेच मिनिट तिप्पट वजनाचं होतं आणि खेड्यातल्या नेटवर ते अडतं.

क्लायंटचं घड्याळ आणि पैसे

लंडनचा क्लायंट सकाळी दहाला बोलू म्हणतो, ते आपल्याकडं उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, ऐन स्वयंपाकाची वेळ. आठवड्यातून एकच ठरलेला दिवस द्या; बाकी दिवशी पडद्याचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा. पुष्कळ मीटिंगा तेवढ्यानं रद्द होतात.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या किमतीत, तिसरीपासून तासाचा दर. हे करारात हवं. पैसे तीन टप्प्यांत घ्या: काम सुरू करताना ४० टक्के, चालती प्रत दाखवल्यावर ३०, शेवटच्या फाइली देताना ३०. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी मोफत होते, ती करून घ्या. भारतातल्या क्लायंटला सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. बिलावर उद्यम क्रमांक छापला की आठवण करून देण्याचे फोन कमी होतात.

वीज आणि पाणी

वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतो. दोन्हींच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून, बहुधा १२ व्होल्ट, त्या हिशेबाचा छोटा यूपीएस घ्या. डेस्कटॉप असेल तर घरच्या इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाताना मधल्या क्षणात संगणक बंद होऊन परत सुरू होतो आणि न साठवलेलं काम जातं.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीवर लक्ष ठेवायचं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी येण्याची वाट न बघता, पाणी ३५ च्या पुढं चढायला लागलं की तीन गोष्टी करा. सगळं काम ऑनलाइन चढवा: सहा जीबीचं फोल्डर २० एमबीपीएस अपलोडला सुमारे चाळीस मिनिटं घेतं, आणि नेट गेल्यावर ते होत नाही. युनिटीचा प्रकल्प असेल तर ‘लायब्ररी’ फोल्डर वगळा. ते पुन्हा आपोआप तयार होतं आणि बहुतेक वजन त्याचंच असतं. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती पुराच्या पट्ट्याबाहेर नातेवाइकांकडं पोचवा. आणि क्लायंटला त्याच दिवशी कळवा की आठवडाभर उत्तर उशिरा येईल, चालती प्रत अमुक ठिकाणी आहे, आणि तोवर कोणता पडदा त्यांनी तपासून ठेवावा.