दुकानात दारू ठेवायचीय? आधी ‘नाही’ म्हणायची तयारी करा

गल्लीतल्या दुकानाला दारूविक्रीचं लायसन्स काढायचं म्हटलं की बहुतेक जण फॉर्म आणि फीपासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते तिथेच गडबड होते. खरा प्रश्न हा असतो की संध्याकाळच्या गर्दीत काउंटरला एकटा उभा असलेला पोरगा चुकीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकेल का. त्याचं उत्तर आधी तयार करा, अर्जातला अर्धा मजकूर त्यातूनच निघतो.

तरी नियम आधी वाचायचेच, कारण ते सगळीकडे सारखे नाहीत. स्वीडनमध्ये साध्या दुकानात ३.५ टक्क्यांपर्यंतचीच बिअर विकता येते, त्यावरचं काही घरी न्यायचं तर सहसा सरकारी दुकान. जर्मनीत बिअर-वाइन १६ व्या वर्षापासून आणि कडक दारू १८ पासून, जपानमध्ये २०, अमेरिकेत २१. म्हणजे वयाचा आकडा ऐकीव माहितीवर धरू नका. आणि बसून प्यायचं लायसन्स वेगळं, सीलबंद बाटली घरी न्यायचं वेगळं, दुकानाला यातलं दुसरं लागतं.

कागद साधारण असे असतात: जागेचा नकाशा (काउंटर, दारूचं रॅक, कॅमेरे कुठे ते दाखवून), जागेच्या मालकीचा किंवा भाड्याचा कागद, तुमची ओळख आणि विक्रीच्या वेळा. बऱ्याच ठिकाणी दुकानावर नोटीस लावावी लागते आणि लोकांना हरकत घेता येते. नोटीस लागायची वाट बघू नका, आधीच शेजारपाजारी जाऊन बोला, विशेषतः वर राहणाऱ्यांशी आणि जवळ शाळा असेल तर तिथे. तक्रारी ठरलेल्या असतात, रात्रीचा आवाज, दारासमोर टोळकं, फुटक्या बाटल्या. त्यावर काय करणार ते अर्जात स्वतःहून लिहा, पण जेवढं रोज जमेल तेवढंच, कारण लिहिलेलं उद्या लायसन्सची अट होऊन येऊ शकतं आणि मग ते मोडलं की लायसन्सवरच गदा.

मांडणी करताना दारू काउंटरवरून सरळ दिसेल अशी ठेवा, दारापाशी नको, चॉकलेट-वेफर्सच्या शेजारी तर अजिबात नको. छोट्या बाटल्या आणि कडक दारू काउंटरच्या मागे. कोल्ड्रिंकसारख्या दिसणाऱ्या गोड दारूचे कॅन कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, मुलं चुकून उचलतात.

आता वय. ब्रिटनमध्ये कायद्याने वय १८ आहे पण बरीच दुकानं ‘चॅलेंज २५’ पाळतात, म्हणजे पंचविशीच्या आतला दिसला की आयडी मागायचाच. मला ही पद्धत फार आवडते कारण १७ आणि १९ मधला फरक चेहऱ्यावरून कुणालाच सांगता येत नाही, पण १७ चा पोरगा तीस वर्षांचा सहसा दिसत नाही. रोज सकाळी गल्ल्याजवळ एक तारीख लिहून ठेवा, आज ज्यांचं वय पूर्ण होतंय त्यांची जन्मतारीख, म्हणजे गर्दीत हिशोब करत बसावं लागत नाही. मूळ फोटो आयडीच बघा, मोबाइलमधला स्क्रीनशॉट चालवू नका. आणि बाहेर पोरं उभी आहेत आणि एक मोठा माणूस त्यांचे पैसे घेऊन आत आलाय, तेव्हाही नाही.

गल्लीतल्या दुकानाची खरी अडचण ओळखीची असते. ‘बाबांनी पाठवलंय’ म्हणणारं पोर, रोजचे काका, सोसायटीतला माणूस. पोराला सांगा बाबांना स्वतः येऊ दे. दारू उधारीवर कधीच देऊ नका, वहीवर साखर लिहिणं वेगळं आणि बाटली लिहिणं वेगळं, ज्याला सोडवत नाहीये त्याच्या घरावर आपण कर्ज चढवतो. आधीच झिंगलेल्या माणसाला ‘कॉफी पिऊन ये’ म्हणू नका, कॉफीने दारू उतरत नाही, यकृत आपल्या वेगानेच काम करतं, त्याला तासन्तास लागतात. ‘तुम्ही प्यायलाय’ असं चारचौघात बोलू नका, एवढंच म्हणा की आज नाही देता येणार, दुकानाचा नियम आहे.

प्रत्येक नकार वहीत लिहा: तारीख, वेळ, कारण, कुणी नाकारलं. दर आठवड्याला ती वही वाचा. एखाद्या पाळीत महिनाभर एकही नकार नसेल तर तिथे बहुतेक कुणी विचारतच नाहीये. काउंटरवरच्या पोरांना दारूविक्रीवर कमिशन देऊ नका. आणि पोराने नाही म्हटल्यावर तुम्ही ओळखीच्याला मागून बाटली काढून दिलीत, तर तो पुन्हा कुणालाच नाही म्हणणार नाही.

माल फक्त परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून, बिलासकट. बिलाशिवाय स्वस्तात येणाऱ्या मालात मिथेनॉल असू शकतं, त्याने डोळे जातात, जीव जातो. ‘दोनवर एक फ्री’ही टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ मध्येच तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये टाकलंय, हा माल ढकलायचा नसतो.

लायसन्स यायला वेळ लागतो, तोवर रोज दुकान बंद केल्यावर दहा मिनिटं पोरांकडून सराव करून घ्या, एकाने गिऱ्हाईक व्हायचं, हट्ट करायचा, चिडायचं, आणि दुसऱ्याने आवाज न चढवता नाही म्हणायचं.