टीम लीड झालात? आधी सुट्टी कॅलेंडरवर टाका

हाताखाली माणसं आली की काम संपणं बंद होतं. पूर्वी आपला भाग हातावेगळा केला की लॅपटॉप मिटता यायचा. आता कुणाचं ना कुणाचं काहीतरी अडलेलंच असतं. त्यामुळे 'कामं आटोपली की विश्रांती घेऊ' हा हिशेब या भूमिकेत कधीच जुळत नाही. नव्या लीडना मी पहिल्यांदा हेच सांगते: विश्रांतीची जागा आधी धरून ठेवा, बाकीचं तिच्याभोवती बसवा.

थकव्याने तब्येत बिघडते, ते वेगळं सांगायला नको. पण त्याआधी निर्णय बिघडतात. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्यांची काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी किंवा त्याहून वाईट असल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. त्यात थकवा आणि घटलेली कार्यक्षमता यांच्या जोडीला कामाबद्दलचा तुटकपणा, कडवटपणा येतो. माझ्या पाहण्यात हा कडवटपणा टीमला आधी जाणवतो, लीडला सगळ्यात शेवटी.

मोठ्या पदावरची माणसंही यातून सुटत नाहीत. लॉइड्स बँकेचे प्रमुख आंतोनियो ओर्ता-ओसोरियो नोव्हेंबर २०११ मध्ये, पद स्वीकारून वर्षही झालं नसताना, अतिश्रम आणि निद्रानाशामुळे रजेवर गेले. जानेवारी २०१२ मध्ये परतले आणि पुढे २०२१ पर्यंत त्याच पदावर होते.

आता मुख्य गोष्ट. रजा मंजूर होणं सोपं असतं, आपल्याशिवाय काम चालेल अशी व्यवस्था लावणं अवघड. जाण्यापूर्वी एक पान लिहा. कोणते निर्णय कोणी परस्पर घ्यायचे, किती खर्चापर्यंत, काय थांबलं तरी चालेल. 'तातडीचं असेल तरच फोन करा' एवढं सांगून भागत नाही, कारण प्रत्येकाची तातडी वेगळी. तातडी म्हणजे नेमकं काय ते उदाहरणासकट लिहा आणि फोन करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. परतल्यावर, फार मोठं नुकसान होत नसेल तर, त्यांनी घेतलेले निर्णय फिरवू नका. एकदा फिरवलेत की पुढच्या रजेत प्रत्येक गोष्ट तुमच्याकडेच येईल. (हे पान लिहिताना अनेकांना कळतं की सगळे अधिकार आपणच दाबून बसलोय. ती वेगळीच करमणूक.)

शरीराने घरी आणि मनाने ऑफिसात, ही विश्रांती नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांचं संशोधन याच मुद्द्याभोवती आहे: काम संपल्यावर मन कामातून सुटतं की नाही. नुसतं लोळलंच पाहिजे असं मात्र नाही. वाद्य शिकणं, पोहणं, ज्यात डोकं पूर्ण गुंतेल असं काहीही चालतं. शिवाय लांब सुट्टीचा ताजेपणा काही आठवड्यांतच ओसरतो, म्हणून वर्षाची सगळी विश्रांती एकाच रजेत कोंबू नका.

रात्री मेल लिहायची हुक्की आलीच तर लिहा, पण सकाळसाठी शेड्यूल करा. तुम्ही रात्री पाठवलंत की टीम रात्री वाचते, मग 'उत्तराची घाई नाही' असं कितीही लिहा. आणि रजेवरून परतल्याच्या दिवशी दुपारपर्यंत एकही मीटिंग ठेवू नका.